बालीला जाताय? आधी डोंगर, मग समुद्र

नाशिककरांना मे महिन्याची सुट्टी बालीसाठी सोयीची, कारण तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो. मार्चमध्ये न्येपीच्या (बालीच्या मौनाच्या नववर्षदिनाच्या) दिवशी विमानतळही 24 तास बंद राहतो.

बातूर (1717 मीटर) हा जागृत ज्वालामुखी सुरुवातीलाच उरका. स्कूबा (हवेची टाकी घेऊन समुद्रात बुडी) करून लगेच उंचीवर गेलं, की रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे धरतो. लागोपाठ डाइव्ह झाल्या असतील तर चढाई आणि विमान, दोन्हींआधी किमान 18 तास सोडा. तुलांबेनच्या किनाऱ्याजवळ बुडालेलं, स्कूबा करून बघायचं 'लिबर्टी' जहाज म्हणूनच बातूरनंतर बघा. 1963 च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकानेच ते किनाऱ्यावरून समुद्रात लोटलं.

बातूरची चढाई पहाटे चारच्या सुमारास, स्थानिक वाटाड्यासोबत; साधारण दोन तास. खरी परीक्षा उतरताना. राखेवर सुटी खडी असते, गुळगुळीत तळव्याचा बूट सरळ घसरतो. महिनाभर दर रविवारी अंजनेरी चढा-उतरा, पायाची नखं कापा, वरच्या गारठ्यासाठी जाकीट घ्या.

स्कूटर चालवायची तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, त्यावर दुचाकीची नोंद तपासा. नसेल तर अपघातात विमा हात वर करतो. पासपोर्टची मुदत सहा महिने हवीच.