अर्ज मुलांनाच भरू द्या, तयारी महिनाभर आधी

कॉलेजचा अर्ज भरताना ऐनवेळी फोटो सापडत नाही, सहीची फाइल मोठी होते आणि ओटीपी जातो ऑफिसात बसलेल्या बाबांच्या फोनवर.

१. मुलाचा स्वतःचा ईमेल उघडा, साध्या नावाचा. 'कूलडूड' छापाचा नको, तोच पत्ता पुढे नोकरीच्या अर्जातही जाणार आहे. अर्जात ईमेल आणि मोबाइल नंबर त्याचाच द्या.

२. गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो, सही एकदाच नीट स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. फाइलला 'आयएमजी २०४७' नको, 'गुणपत्रिका', 'सही' अशी नावं द्या. प्रत्येकीची एक मूळ प्रत आणि एक लहान केलेली. बहुतेक पोर्टलं मोठी फाइल घेतच नाहीत आणि सगळा वेळ तिथेच जातो.

३. शेवटच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर दोन दिवस अलीकडे लिहा.

मग टाइप त्याला करू द्या, तुम्ही शेजारी बसा. हात शिवशिवतील, पण कीबोर्ड ओढून घेऊ नका.

एवढं मात्र तुम्ही बघा: 'सबमिट' दाबण्याआधी नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नंतर दुरुस्तीसाठी फार खेटे घालावे लागतात.