लस कोणी सांभाळायची, कोणी टोचायची: सिस्टर आणि फार्मासिस्ट यांच्या कामाची हद्द

खानापूर असो, निपाणी असो की बेळगाव तालुका, आरोग्य केंद्रात लसीवरून कुरबुर होते ती मधल्या टप्प्यावर: व्हायल (लसीची बाटली) फ्रिजातून निघाल्यापासून सुई बाळाच्या मांडीत जाईपर्यंत. म्हणून हद्द तिथेच आखा. साठा, तापमान, बॅच आणि मुदत यांची जबाबदारी फार्मासिस्टची. बाळाची चौकशी, लस विरघळवणं, टोचणं आणि त्यानंतर अर्धा तास नजर ठेवणं हे सिस्टरचं काम.

१९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवतं. टोचण्याबद्दल त्यात काही नाही. सिस्टर टोचतात त्या डॉक्टरांच्या आदेशावर, किंवा सरकारी लसीकरणात ठरलेल्या वेळापत्रकानुसार.

सगळ्यात जपायची वेळ सकाळच्या देवाणघेवाणीची. फार्मासिस्टने आधी फ्रिजचं तापमान पाहावं: २ ते ८ अंश, दिवसातून दोनदा नोंद, रविवारीसुद्धा. आईसपॅक फ्रीझरमधून काढून थेट कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या थंड पेटीत, भरू नका. पॅकला घाम फुटून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मगच चार पॅक लावा. ही घाई फार महागात पडते, कारण पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), हिपॅटायटिस-बी या लसी गोठल्या की निकामी होतात आणि वरवर पाहून ते नेहमी कळतही नाही. देताना लसीचं नाव, बॅच, मुदत, व्हीव्हीएमची (व्हायलवरच्या, उष्णतेने गडद होत जाणाऱ्या खुणेची) अवस्था आणि डायल्युएंट (लस विरघळवायचं द्रव) यांची नोंद करून दोघांनी सही करावी. व्हीव्हीएमचा आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला असेल तर सिस्टरने ती व्हायल तिथेच परत करावी. यात कोणी कोणाचा अपमान करत नाही.

एमआर (गोवर-रुबेला) किंवा बीसीजी (क्षयरोगाची लस) फार्मसीतच विरघळवून, ‘तयार’ करून पाठवणं साफ चूक. ते काम सिस्टरने सत्राच्या जागी, पहिलं बाळ समोर आल्यावर, त्याच कंपनीच्या थंड डायल्युएंटने करायचं. चार तास झाले, किंवा सत्र त्याआधी संपलं, की व्हायल बाद. अशा लसीत जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेततं. व्हायलवर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहा, तीही इंग्रजी आकड्यांत. पुढे हाताळणारा सहकारी कन्नड वाचणारा असो की मराठी, घोटाळा होणार नाही. पेंटा, टीडीसारख्या उघडलेल्या व्हायल नियमाप्रमाणे २८ दिवस चालतात, पण थंडाव्यात राहिल्या असतील, मुदत आणि व्हीव्हीएम ठीक असेल तरच. परत आलेल्या व्हायल फार्मासिस्टने वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात आणि पुढच्या सत्राला आधी त्याच द्याव्यात.

चंदगडच्या माहेरी बाळंतपण झालेली आई महाराष्ट्राचं कार्ड घेऊन येते. आधीचे डोस कोणते, पुढचा कोणता, हे कार्ड पाहून सिस्टरने ठरवावं. खिडकीवरून फार्मासिस्टने सल्ला देऊ नये.

गावातल्या मेडिकलची गोष्ट वेगळी. कुत्रा चावलेला माणूस येतो नि म्हणतो, “काका, लस हाय न्हवं तुमच्याकडं? तुम्हीच टोचा की.” टोचू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटं धुवायला सांगा आणि लगेच सरकारी दवाखान्यात पाठवा. खोल जखमेला इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं) लागतं, आणि ते द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतात. चिठ्ठीवर लस विकलीत तर कागदात गुंडाळलेल्या जेलपॅकसोबत, व्हायल पॅकला चिकटणार नाही अशी द्या. दुकानाबाहेर गेलेली लस परत घेऊन पुन्हा विकायची नाही. वाटेत ती किती तापली याचा पत्ता कोणालाच नसतो.

ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे लसीनंतर अचानक येणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीसाठीचा, किट भरलेला ठेवणं आणि मुदत तपासणं हे फार्मासिस्टचं काम. घाम, धाप, अंगभर पित्त, जलद पण अशक्त नाडी दिसली की सिस्टरने वाट पाहू नये: १:१००० ॲड्रेनलिनचा एक डोस मांडीच्या स्नायूत. एक वर्षाच्या आत ०.०५ मिली, १ ते ६ वर्षांना ०.१, ६ ते १२ ला ०.२, १२ ते १८ ला ०.३, मोठ्यांना ०.५. लगेच डॉक्टर आणि १०८. तोवर फार्मासिस्टने त्या बॅचच्या उरलेल्या व्हायल ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून फ्रिजातच बाजूला ठेवाव्यात. फेकू नयेत, तपासणीला त्याच लागतात.