जुन्या टॉप्स गमचा डबा घेताना आधी पाकिटाची पाठ बघा

'डब्याचं प्लॅस्टिक जसंच्या तसं आहे, म्हणजे माल अस्सल' असं विकणारा म्हणाला की मी तिथून काढता पाय घेतो. टॉप्स या अमेरिकी कंपनीचे सत्तरच्या दशकातले आणि ऐंशीच्या सुरुवातीचे बेसबॉल कार्डांचे डबे कारखान्यातून प्लॅस्टिक न लावताच निघायचे. पुठ्ठ्याचा डबा, आत मेणकागदाची बहुतेकदा ३६ पाकिटं, प्रत्येकात कार्डं आणि गमची एक पट्टी. दुकानदार झाकण मागे दुमडून डबा गल्ल्याशेजारी ठेवायचा, पोरं एकेक पाकीट उचलायची. आज वर दिसतं ते प्लॅस्टिक नंतर कुणीतरी चढवलेलं असतं, आणि चढवणाऱ्याने आत नीट पाहिलं होतं की नाही हे ते सांगत नाही. २०२२ च्या जानेवारीत यूट्यूबर लोगन पॉलने पस्तीस लाख डॉलर मोजून घेतलेली, तपासणी झालेली पोकेमॉन कार्डांची पेटी उघडली, तर आत जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांची कार्डं निघाली. बेसबॉलवाल्यांनी त्यावर हसण्यासारखं काही नाही.

मी न्यू जर्सीत राहतो. लहानपणी बिग फन गमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डं जमवायचो, तोच नाद इथे येऊन या डब्यांना चिकटला. फसलोय बऱ्याचदा, म्हणून लिहितोय.

कोणता डबा घ्यायचा हे खिशावर ठरवा. फक्त एवढं लक्षात ठेवा: १९८१ च्या कोर्टाच्या निकालानंतर बेसबॉल कार्डांसोबत गम विकायचा हक्क टॉप्सकडेच उरला. म्हणून १९८२ पासून फ्लीअर आणि डॉनरस या प्रतिस्पर्धी कंपन्यांपैकी फ्लीअरने पाकिटात स्टिकर घातले आणि डॉनरसने कोड्याचे तुकडे. १९८३ च्या डॉनरसच्या पाकिटात 'गम अजून शाबूत आहे' म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा. टॉप्सनेही १९९२ च्या कार्डांपासून गम बंद केला.

महागाच्या वाटेला जाण्याआधी १९८७ चा टॉप्सचा एक डबा विकत आणा. लाकडी पट्टीसारखी कडा असलेली ती कार्डं बेसुमार छापली गेली, त्यामुळे डबा स्वस्तात मिळतो. सगळीच्या सगळी पाकिटं सावकाश उघडा. कार्डांसाठी नाही, कारखान्याची घडी कशी दिसते ते शिकण्यासाठी. हा खर्च वाचवणारे पुढे दसपट घालवतात.

आता खरी मेख. पाकीट उघडून, चांगली कार्डं काढून, साधी भरून पुन्हा बंद करता येतं. मेणकागद उष्णतेने चिकटतो, त्यामुळे घरची इस्त्री पुरते. समोरून असं पाकीट अगदी नवंकोरं दिसतं. म्हणून समोरून बघूच नका. उलटं करा आणि जिथे कागदाचा एक पदर दुसऱ्यावर येतो ती पट्टी तिरप्या उजेडात, भिंगाखाली बघा. कारखान्याच्या जोडावर मेण पातळ, जरासं ओबडधोबड पसरलेलं असतं आणि कागद घडीवर एकदाच मोडलेला असतो. इस्त्रीवाल्याच्या पाकिटावर मेण रुंद, चपटं आणि चकचकीत दिसतं. त्याहून मोठी खूण म्हणजे जुनी मोड. एकदा उलगडलेला मेणकागद पुन्हा नेमक्या त्याच रेषेत कधीच मुडपत नाही. नव्या घडीशेजारी केसाएवढ्या अंतरावर जुनी पांढुरकी रेघ राहते. ती दिसली की बोलणं थांबवा.

मग सगळी पाकिटं टेबलावर पाठ वर करून रांगेत मांडा. एका यंत्रातून निघालेल्या पाकिटांच्या टोकाच्या घड्या भावंडांसारख्या दिसतात. दोन-चार वेगळी दिसली तर तीच बाहेर काढून दाखवा आणि विकणाऱ्याचा चेहरा बघा.

मला हे शिकवलं १९८० च्या एका डब्याने. त्या वर्षी नामांकित बेसबॉलपटू रिकी हेंडरसनचं पहिलं टॉप्स कार्ड आलं, क्रमांक ४८२, त्यामुळे त्या डब्यांवर सगळ्यांचा डोळा असतो. एका कार्ड मेळ्यात घेतला, विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर. हेंडरसन मिळाला नाही, त्याचं काही नाही. ७२६ कार्डांच्या संचात तसं होणारच. पण तिसऱ्या पाकिटात गमची पट्टी एका टोकाला होती आणि गमचा तपकिरी चौकोनी डाग मधल्याच एका कार्डावर. गम जिथे वर्षानुवर्षं टेकला, डाग तिथेच पडणार. डाग मधे गेला म्हणजे कार्डं कुणीतरी फिरवली होती. पुढची आठ पाकिटं तशीच. पावती नव्हती, आणि तो टेबलवाला त्या मेळ्यात पुन्हा दिसला नाही.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाकीट तोलायचा सल्लाही मिळेल. तो नव्या, जाड कार्डं लपवलेल्या पाकिटांसाठी ठीक आहे. चाळीस वर्षं वाळलेल्या, भुगा झालेल्या गमच्या वजनावरून काहीही कळत नाही.

डब्याची प्रत मी अशी ठरवतो: झाकणाची मोड फाटलेली नाही, कोपरे धारदार, रंग उन्हाने उडालेला नाही, किमतीचं लेबल ओरबाडलेलं नाही, तर पहिली. झाकण फाटलं की सरळ तिसरी, बाकी कितीही छान असो. १९८६ च्या टॉप्सच्या डब्याच्या तळावर चार कार्डं छापलेली आहेत. ए ते पी अशी एकूण सोळा, म्हणजे चार वेगवेगळे तळ. कात्री लावू नका. अखंड तळाला कापलेल्या कार्डांपेक्षा जास्त मागणी असते.

सुटी कार्डं पीएसएकडे, म्हणजे कार्डं तपासून श्रेणी देणाऱ्या कंपनीकडे, पाठवायची असतील तर १ ते १० मधली श्रेणी मिळते. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र किती मधोमध बसलंय, एवढं बघतात. ८ साठी समोरच्या समासांचं प्रमाण साधारण ६५-३५ च्या आत हवं. पट्टी घेऊन घरीच मोजा आणि फुकटची फी वाचवा. कार्डावरचं मेण नायलॉनच्या स्टॉकिंगने पुसतात. गुळगुळीत दर्शनी बाजूवर ते जमतं. मागची बाजू कच्च्या पुठ्ठ्याची. तिथे घासलंत तर छपाईसकट खरवडाल.

ठेवायला घरातलं आतलं कपाट. माळ्यावर उन्हाळ्यात मेण वितळतं, बेसमेंटमध्ये पुठ्ठा ओल धरतो. आणि गममध्ये साखर आहे हे मुंग्यांना तुमच्याआधी कळतं.