ठासणीच्या रायफलीच्या विखुरणाऱ्या गोळ्या: माझा अनुभव

ठासणीच्या रायफलीने (हिच्या नळीच्या तोंडातून आधी बंदुकीची काळी दारू ओततात आणि मग गोळी गजाने खाली सारतात) ५० मीटरवर नेमबाजी करताना पहिल्या काही गोळ्या एकमेकींजवळ बसत, नंतरच्या मात्र विखुरत जात आणि प्रत्येक गोळी गजाने खाली सारण्यास अधिकाधिक जोर लागे; तेव्हा दोष नेमात नसून नळीत आहे, हे माझ्या लक्षात आले. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून उरतो, आणि तो हवेतील ओलावा शोषून नळीच्या खाचांत साचत जातो.

म्हणून प्रत्येक बारानंतर पाण्याने किंचित ओलसर केलेली सुती चिंधी आणि मागोमाग कोरडी चिंधी नळीतून फिरवण्याचा क्रम मी ठेवला. चिंधी ओलीचिंब नसावी, कारण पाणी तळाशी उतरले तर पुढची दारू पेटत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोळी दारूवर पूर्ण टेकलेली असावी: मध्ये पोकळी राहिल्यास नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो, त्यामुळे गोळी पूर्ण टेकल्यावर गज नळीत जिथवर जातो, तिथे मी त्यावर खूण केली आहे.

गोळी नळीत घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवती गुंडाळलेल्या आणि बारानंतर जमिनीवर पडलेल्या चिंध्याही मी तपासल्या. त्या कडेने जळून फाटलेल्या होत्या. थोडे जाड, घट्ट विणीचे कापड घेतल्यावर शेवटच्या गोळ्याही पहिल्यांच्या शेजारी बसू लागल्या.