तोट्याची पट्टी आधी नकाशावर शोधा
निफाड-सिन्नरकडील कांद्याच्या शेतात एकरी सरासरी नफा दिसत असला, तरी चढावरची मुरमाड पट्टी आणि पाणी साचणारा चोपण (क्षारांनी घट्ट झालेल्या मातीचा) कोपरा बहुधा तोट्यात असतो. म्हणून जमिनीच्या गट नंबरच्या नकाशावर शेताचे भाग पाडून, काढणीच्या वेळी प्रत्येक भागाचा कांदा वेगळ्या ढिगात घालून मोजावा आणि त्याच्या किमतीतून बियाणे, खत, मजुरी, पाणी यांचा खर्च गुंठ्यागणिक वजा करावा. (एकराचे 40 गुंठे, त्यामुळे हिशेब सोपा जातो.) भाव मात्र एकाच हंगामाचा धरू नये, कारण लासलगावचा बाजार भल्याभल्यांचे गणित चुकवतो; निदान तीन हंगाम पाहावेत. सतत तोटा देणाऱ्या मुरमाड पट्टीत उताराला आडवे मारवेल गवत लावल्यास माती अडते व चाराही मिळतो. चोपण कोपऱ्यात वाळा हे गवत तग धरते.