संगणकावरचा ट्रेनिंग कोर्स बनवताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या कारखान्यांसाठी कोर्स बनवणाऱ्या नव्या मुलांचं काम माझ्याकडे तपासायला येतं. चुका त्याच त्या असतात. त्यातली एक मला अजिबात खपत नाही: ज्याचं उत्तर प्रश्नातच दिसतं, असा प्रश्न.

आमच्याकडच्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) खानापूर भागातला एक पोरगा इंडक्शन फर्नेसवर, म्हणजे विजेवर लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर, नवा लागला होता. सुरक्षेच्या कोर्सात पूर्ण मार्क, सर्टिफिकेट हातात. पावसाळ्याचे दिवस होते. ढीग वरून कोरडा दिसला म्हणून त्यानं तळातला स्क्रॅप उचलला आणि भट्टीकडे निघाला. त्यात एका टोकाला चेपलेला पाइप होता, आत पाणी. जुन्या मिस्त्रींनी लांबूनच हाक मारली, "थांब बाळा, ओलं हाय ते!" म्हणून निभावलं. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं की क्षणात त्याची वाफ होते, ती १,६०० पटींहून जास्त जागा मागते आणि तापलेला रस बाहेर उसळतो.

मी तो कोर्स उघडून बघितला. प्रश्न होता, 'भट्टीत ओला स्क्रॅप घालावा का?' पर्याय हो आणि नाही. 'नाही' हे त्या पोराला कोर्साआधीही ठाऊक होतं. ओला स्क्रॅप ओळखायचा कसा, हे मात्र त्याला कुणी विचारलंच नव्हतं. बाकीच्या प्रश्नांना चुकलं की लाल फुली आणि 'पुन्हा प्रयत्न करा'. चार पर्याय ओळीनं दाबत गेलं की कधीतरी हिरवं होतंच. याला शिकणं म्हणत नाहीत.

मी स्लाइडच्या आधी प्रश्न लिहिते, तेही मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून. चुकीचे पर्याय मनानं रचत नाही. लोक खरोखर काय चुकतात ते विचारून घेते. वरच्या प्रश्नाच्या जागी स्क्रॅपचे चार फोटो टाकले: गंजका पत्रा, बंद पाइप, तेलकट बोअरिंग (यंत्रकामातला लोखंडाचा भुसा), कोरडे तुकडे. यातलं काय घालशील? चुकलं तर काय होईल ते दाखवायचं, कारण सांगायचं आणि तसाच दुसरा प्रश्न द्यायचा. यात नवं काही नाही. १९५०च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन क्राउडर चुकलेल्या उत्तराला वेगळ्या पानावर नेऊन ते का चुकलं हे समजावत होते. त्याच काळात शिकवण्याचं यंत्र बनवणारे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचा आग्रह होता की उत्तर निवडायचं नाही, विद्यार्थ्यानं स्वतः तयार करायचं. कागदावर आणि खटक्यांच्या यंत्रावर जे जमत होतं, ते आजच्या संगणकावर करायचा आळस का?

दुसरी चूक: स्क्रीनवर परिच्छेद आणि मागे आवाज तोच परिच्छेद वाचतोय. डोळे आणि कान एकाच मजकुराच्या मागे लागतात, चित्राकडे लक्ष राहत नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय. चित्र ठेवा, आवाज ठेवा, मजकूर दोन-चार शब्दांवर आणा.

भाषा बदलायचं बटण प्रत्येक स्क्रीनवर द्या. आपल्याकडे घरी मराठी आणि शाळा कन्नड असलेले पुष्कळ आहेत; ऐकायला एक आणि वाचायला दुसरी सोयीची पडते. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर नुसता कचरा दिसतो. लाइट गेली तर कोर्स होता तिथूनच सुरू व्हायला हवा. लांबलचक व्हिडिओ कापा.

आणि 'एका बैठकीत उरकून टाका' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं मात्र आठवून लिहिणारे. म्हणून मी तेच मुद्दे आठवड्यानं नव्या फोटोंवर पुन्हा विचारते आणि तोवर सर्टिफिकेट अडवून ठेवते. सुपरवायझर घाई करतात. करू देत.