टर्बो गाडीला नवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बसवताना: गॅरेजात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआय संपवून परफॉर्मन्सची कामं करणाऱ्या गॅरेजात उमेदवारी सुरू केली की मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला जळका वायू गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग) बदलायचं काम लवकरच हाती येतं. जुना काढायचा, नवा लावायचा, नट आवळायचे, असं ते वरवर दिसतं. खरं काम बसवण्याच्या आधी आणि नंतर असतं. फ्लँज (सांध्याला टेकणारी जाड पट्टी) सपाट आहे का आणि तापल्यावर धातूला पसरायला जागा आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तरच मॅनिफोल्ड टिकतो.

उदाहरणासाठी ऑक्टाव्हिया आरएसचं १.८ टर्बो पेट्रोल इंजिन घेऊ. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियाची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला व्हायची, त्यामुळे या गाड्या आपल्याकडे अजून बऱ्यापैकी दिसतात. इंजिन १७८१ सीसीचं, २० व्हॉल्व्हचं, १५० अश्वशक्तीचं. टर्बो के०३ घराण्यातला. इंजिन आडवं बसवलेलं आणि एक्झॉस्टची बाजू मागे, फायरवॉलकडे. हात जायला जागा कमी, म्हणून बरंचसं काम खालून करावं लागतं.

ग्राहकाला आधी एक गोष्ट स्पष्ट सांगा. टर्बो कंपनीचाच ठेवणार असाल तर नुसता मॅनिफोल्ड बदलून फारसा फरक पडत नाही. के०३ स्वतःच लहान आहे, अडथळा तिथे आहे. त्यापेक्षा डाउनपाइप (टर्बोनंतरची एक्झॉस्टची नळी) आणि इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा) बदलले तर त्याच पैशात जास्त मिळतं. मोठा टर्बो येणार असेल तेव्हा मॅनिफोल्डला अर्थ येतो. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ स्वरूपात मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी ठामपणे सांगितलं. म्हणून हे काम ट्रॅकच्या किंवा अँबी व्हॅलीच्या धावपट्टीसारख्या बंदिस्त ठिकाणी पळणाऱ्या गाडीचं समजूनच करा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याची मागणी आली तर नाही म्हणायला शिका.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक ओतीव लोखंडाचा: जड, पण वर्षानुवर्षं टिकणारा. दुसरा नळ्या जोडून केलेला स्टेनलेसचा. नळ्यांचा घेत असाल तर जाडी मोजून घ्या. सव्वा इंची शेड्यूल ४० (शेड्यूल म्हणजे पाइपाच्या जाडीचं माप) पाइपाची भिंत साधारण साडेतीन मिलिमीटर असते, शेड्यूल १० ची पावणेतीनच्या आसपास. हे दोन्ही टर्बोचं वजन पेलतात. दीड मिलिमीटरची पातळ नळी हलकी आणि देखणी असते, पण टर्बो तिच्यावर लटकवला तर कलेक्टरच्या (सगळ्या नळ्या एकत्र येतात त्या भागाच्या) सांध्याशी तडा जातो. हेडकडची (इंजिनाच्या सिलिंडर हेडला टेकणारी) फ्लँज १० ते १२ मिलिमीटर जाडीची हवी. वेल्डिंग आतूनही बघा. नळीत आर्गन वायू न सोडता टिग वेल्डिंग केलेलं असेल तर सांध्याच्या आतल्या बाजूला काळी, खरखरीत, जळक्या साखरेसारखी खपली दिसते. तिचे कण सुटले की थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातात, आणि ती पाती मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेत असतात. असा माल परत करा. परदेशातून मागवलेले काही मॅनिफोल्ड डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. स्टिअरिंग कॉलम, रॅकचं रबर आणि ब्रेकच्या नळ्यांपाशी किती जागा उरते ते मागवण्याआधीच मोजा.

जुना मॅनिफोल्ड काढताना घाई केली की स्टड (हेडमध्ये बसवलेला, नट लावायचा आट्यांचा दांडा) तुटतो. आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. नट हलत नसेल तर पाना लांब करून जोर लावू नका. नट तापवा, थोडा घट्टच्या दिशेने हलवा, मग सैल करा. तरीही तुटलाच आणि थोडा भाग बाहेर राहिला असेल तर त्यावर नट वेल्ड करून फिरवा. त्या उष्णतेनेच बहुतेक वेळा पकड सुटते. हेडच्या पातळीत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या आट्यांच्या ड्रिलने हळूहळू पोखरा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, ड्रिल थोडं जरी तिरकं गेलं तरी आटे जातात. मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवण्याशिवाय मार्ग नाही. जुने स्टड आणि नट पुन्हा वापरू नका. नवे एम ८ (८ मिलिमीटर व्यासाचे) स्टड हेडमध्ये हातानेच टेकेपर्यंत फिरवायचे.

आता फ्लँज. नवा मॅनिफोल्ड डब्यातून काढून थेट लावायचा नाही, मग तो कितीही महागडा असो. वेल्डिंगची उष्णता फ्लँजला कमानीसारखी वाकवते; बहुधा मधले पोर्ट (वायू जायची तोंडं) टेकतात आणि टोकं उचललेली राहतात, किंवा याच्या उलट. चांगली स्टील पट्टी लांबीत आणि दोन्ही कर्णांत ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) सरकवून बघा. ०.०५ मिलिमीटरची पात आत जात नसेल तर उत्तम. ०.१० जात असेल तर सरफेस ग्राइंडिंगला पाठवा. कानशीने सपाट करायचा मोह आवरा, कारण कानस कडा खाते आणि मध्य तसाच राहतो. ग्राइंडिंगहून आल्यावर पृष्ठभागावर मार्किंग ब्लूचा (खूण दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात द्या, सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) हलके घासा आणि उचला. प्रत्येक पोर्टभोवती प्लेटला टेकल्याची अखंड खूण दिसली पाहिजे. कुठे कड्याला खंड असेल तर गळती नेमकी तिथूनच होणार, हे आत्ताच कळतं. टर्बोकडच्या फ्लँजलाही हीच परीक्षा. हेडचा पृष्ठभाग मात्र फक्त ब्लेडने हलक्या हाताने साफ करा. ॲल्युमिनियमवर एमरी डिस्क चालवू नका.

पसरण्याचं गणित एकदा कागदावर करून बघा, म्हणजे फ्लँजमधली स्टडची भोकं मोठी का लागतात ते पटतं. ३०४ स्टेनलेस दर अंशाला, दर मीटरला साधारण १७ मायक्रॉन वाढतं. ३०० मिलिमीटर लांबीची फ्लँज ४०० अंशांनी तापली तर ती दोन मिलिमीटरहून जास्त वाढेल. हेड पाण्याने थंड राहतं. ८० अंशांच्या वाढीला ते जेमतेम अर्धा मिलिमीटर पसरतं. उरलेला दीड मिलिमीटर कुठेतरी जायला हवा. जागा नसेल तर स्टड वाकतात नाहीतर नळीच्या मुळाशी तडा जातो. म्हणून मधली भोकं साडेआठची ठेवा आणि टोकाकडची साडेनऊपर्यंत लांबट करा. पोर्टांमधल्या पट्ट्या करवतीने कापून फ्लँज तुकड्यांत मोकळी करणं हाही चांगला उपाय आहे, पण कापल्यानंतर सपाटपणा पुन्हा तपासावा लागतो, कारण अडकलेला ताण सुटून तुकडे हलतात.

पोर्ट जुळवणं हा या कामातला आवडीचा भाग, आणि इथेच नवखे जास्त घासतात. गॅस्केट हेडवर लावून पोर्टची कड बघा, मग तेच गॅस्केट मॅनिफोल्डवर ठेवून खूण करा. नियम एकच: वायूच्या वाटेत कडा आडवी येता कामा नये. मॅनिफोल्डचं तोंड पोर्टपेक्षा एखादा मिलिमीटर मोठं असलं तर चालतं, लहान असलं तर नाही. कार्बाइड बर (घासायचं दातेरी टोक) कमी वेगावर चालवा, तो न कापता नुसता घासत राहिला की स्टेनलेस कडक होतं आणि बरचे दात जातात. आरशासारखं पॉलिश करण्यात वेळ घालवू नका, त्याचा उपयोग नाही. घासून झालं की आधी डिझेलने, मग साबणाच्या पाण्याने धुवा, हवा मारा आणि आतून बोट फिरवून बघा. किसाचा एक कणही राहता कामा नये. हे सगळं टर्बो जोडण्याआधी.

गॅस्केट अनेक पदरी पोलादाचं घ्या. सिलिकॉन किंवा कुठलीही पेस्ट लावू नका, त्या तापमानाला ती जळून पोकळी सोडते. नटांच्या आट्यांना निकेलचा अँटी-सीझ (आटे जाम न होऊ देणारा लेप) अगदी पातळ लावा. या इंजिनाच्या मॅनिफोल्ड नटांना २५ न्यूटन-मीटर टॉर्क आहे. लेप लावल्यावर घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला स्टडवर ताण जास्त येतो, म्हणून २२ पुरे. मधून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत: १०, १६, २२. टर्बोच्या बोल्टांचा टॉर्क मॅन्युअलमधून घ्या. बँजो बोल्टांना (टर्बोच्या नळ्या जोडणाऱ्या पोकळ बोल्टांना) नवे तांब्याचे वॉशर हवेत. तेल परत जाणारी नळी टर्बोपासून सम्पपर्यंत (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यापर्यंत) सतत उताराची असावी. मध्ये झोळ आला तर तेल तुंबतं आणि टर्बोतून निळा धूर निघतो.

टर्बोपासून ब्लॉकपर्यंतचा ब्रॅकेट कधीही वगळू नका. नव्या मॅनिफोल्डवर टर्बोची जागा थोडी हलते, जुना ब्रॅकेट जुळत नाही, आणि मग तो काढून ठेवला जातो. सगळा भार फ्लँजवर येतो. लांबट भोकांचा नवा ब्रॅकेट बनवा आणि तो सर्वांत शेवटी आवळा, म्हणजे मॅनिफोल्ड कुठे ओढला जाणार नाही.

पहिल्यांदा चालू करण्याआधी कॉइलचे प्लग काढा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि दहा-दहा सेकंद स्टार्टर फिरवून तेलाचा दिवा विझू द्या. कोरड्या बेअरिंगवर फिरलेला टर्बो पुढे आयुष्यभर त्रास देतो. मग दहा-पंधरा मिनिटं आयडलवर चालवा. बोटांचं तेल जळून थोडा धूर येईल, तो येऊ द्या. पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा टॉर्क करा. असं तापवणं आणि थंड करणं किमान तीनदा. गरम इंजिनवर टॉर्क तपासायचा नाही.

गळती शोधायची ती सकाळच्या थंड स्टार्टला. टिक-टिक आवाज येतो आणि पाच मिनिटांत विरतो, तर फ्लँजमधून गळतंय. धातू पसरल्यावर फट बुजते इतकंच. खात्री करायची तर बंद गाडीच्या सायलेन्सरमध्ये व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा सोडा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे जागा दाखवतात. या इंजिनचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बॉशचा मोट्रॉनिक एमई ७.५ आहे, त्यामुळे व्हीसीडीएस (तो वाचणारं तपासणीचं सॉफ्टवेअर) लावून आणखी खोलात जाता येतं. त्यातल्या ब्लॉक ०३२ मधली इंधन दुरुस्ती (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) कामाच्या आधी आणि नंतर लिहून ठेवा. टर्बोच्या अलीकडच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. आकडा अधिककडे सरकलेला दिसला तर आधी गळती शोधा. ब्लॉक ११५ मध्ये मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) शेजारी दिसतो. आरपीएम वाढताना प्रत्यक्ष बूस्ट मागणीच्या वर चढतच राहिला तर वेस्टगेटमधून (जादा वायू टर्बाइनला वगळून सोडणाऱ्या झडपेतून) पुरेसा वायू बाहेर जात नाही. बाहेरचा वेस्टगेट असेल तर त्याची नळी कलेक्टरला काटकोनात जोडलेली आहे का ते बघा. वायूला वळायला भाग पाडणारा सांधा हेच बहुतेक वेळा कारण असतं. हे दुरुस्त होईपर्यंत ईसीयूच्या मॅपमध्ये बूस्ट वाढवू नका.

उष्णतेचा बंदोबस्त शेवटी, गळती नाही याची खात्री झाल्यावर. पट्टी गुंडाळणं स्वस्त आहे, पण पातळ नळ्यांवर ती धातूला आणखी तापवते आणि तडे लवकर येतात. मुंबई, गोवा, कोकणच्या दमट हवेत पट्टीत ओल धरते आणि साध्या लोखंडाची नळी आतल्या आत गंजते. परवडत असेल तर सिरॅमिक कोटिंग करून घ्या आणि कंपनीची हीट शील्ड कापून का होईना, पण परत लावा. वायरिंग आणि ब्रेकच्या नळीपासून किमान २५ मिलिमीटर अंतर ठेवा. जिथे ते शक्य नाही तिथे परावर्तक बाही चढवा.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलवा. थंड असताना टॉर्क, ब्रॅकेटचा बोल्ट, कलेक्टरचा सांधा आणि पोर्टांच्या मुळाशी केसासारखी रेघ आहे का, एवढं बॅटरीच्या उजेडात बघा. गॅस्केटच्या कडेला काजळीची काळी पिसारी दिसली तर आवळून भागवू नका. मॅनिफोल्ड उतरवा, पुन्हा ब्लू लावा आणि नवं गॅस्केट घाला.